न पसरणारी कावीळ

लग्नाला नऊ वर्षं झाली तेव्हा माझे डोळे पिवळे पडले. मी तेव्हा माकणीला शाळेत तिसरीचा वर्ग घेत होते. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "काविळीला दवाखाना नसतोय." त्यांच्या माहेरी एक जण झाडपाल्याचं औषध द्यायचा. तीन रविवार उपाशीपोटी त्याचा कडू रस प्यायले. डोळे जरा निवळले, पण महिन्याभरात अंगाला खाज सुटली आणि वर्गात उभं राहवेना. शेवटी भाऊ आला आणि मला सोलापूरला घेऊन गेला. नवराही सोबत आला.

काविळीचा एकही विषाणू सापडला नाही. सुईनं यकृताचा तुकडा काढून तपासला. मग डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवलं.

"आतड्यातलं रक्त आधी यकृतात येतं. त्यातून रोज काही ना काही परकं येतं. दर वेळी तिथं मारामारी झाली तर यकृत टिकणार नाही. म्हणून आपल्याच काही पांढऱ्या पेशी बाकीच्यांना सारखा इशारा देत असतात, की थांबा, हे आपलंच आहे. तुमच्यात तो इशारा कमी पडतोय. लढणाऱ्या पेशी यकृतावरच उठल्यात."

नवऱ्यानं एकच विचारलं, "हे दुसऱ्याला लागतं का?"

"नाही. एका ताटात जेवलात तरी नाही."

घरी आलो तर माझं ताट-तांब्या वेगळा काढलेला होता. मी म्हटलं, "आत्या, हे लागत नाही. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"त्यांना काय जातंय सांगायला? घरात लेकरू हाय."

मी नवऱ्याकडं बघितलं. तो मोबाइलमधून मान वर काढेना. आमची मुलगी माझ्याजवळ जेवायला आली की आत्या तिला हाताला धरून उठवायच्या.

डॉक्टरबाईंनी दिलेल्या गोळ्यांनी रिपोर्ट सुधारले, पण तोंड सुजून गोल झालं. आल्यागेल्यासमोर आत्या म्हणायच्या, "गोळ्या खाऊन खाऊन अशी झालीया." एक दिवस नवरा म्हणाला, "बरी दिसतीयस की आता. बंद करून बघू."

मी बंद केल्या. अचानक सोडायच्या नाहीत, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. मी शिकलेली बाई, तरी सोडल्या. गोळ्या संपल्या म्हणजे आजार संपला, असं घराला वाटावं आणि मला पुन्हा पंगतीत घ्यावं, एवढ्यासाठी. त्या दोघांवरचा राग मी कुठंतरी ठेवून देते. स्वतःवरचा हा ठेवता येत नाही.

दोन महिन्यांत परत दवाखान्यात होते. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रिपोर्ट वाचून म्हणाल्या, "यकृताचा काही भाग निबर झालाय. तो पहिल्यासारखा होईल असं मी सांगू शकत नाही. गोळ्या आता बहुतेक कायमच्या."

मी कळंबला बदली मागून घेतली आणि मुलीला घेऊन इथं दोन खोल्यांत राहते. थांबायचा तो इशाराच वाढवणाऱ्या औषधांवर संशोधन चाललंय, असं डॉक्टरबाई म्हणतात. चालू दे. तोवर मी सकाळी खाऊन गोळी घेते आणि शाळेत जाते.

नवरा सुट्टीला येतो. मागच्या वेळी म्हणाला, "आई थकलीय. घरी चल. आता कोण काय म्हणणार न्हाय."

"मी येणार नाही," मी म्हटलं. त्यानं पिशवी उचलली. मग कळंबच्या स्टँडवर निघून गेला.