आबांचा खोकला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे मलाच हसू येत नाही, तर तुम्हाला काय सांगू! एवढी शहाणी मी, आणि घरातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना विनाकारण रडवून बसले.

झालं काय, माझी सासू, म्हणजे माय, ओट्यावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. नंदुरबारला ऑपरेशन झालं. फिजिओथेरपीच्या मॅडमनी बजावलं, "ताई, यांना नुसतं बसवून ठेवू नका. खुर्चीतून उठवा, वॉकर धरून चालवा. नाहीतर कायमच्या अंथरुणाला खिळतील."

रनाळ्याला घरी आलो आणि मायनं खुर्ची धरली ती धरलीच. मी हात जोडले, रागावले, लाडूसुद्धा लांबून दाखवले. उत्तर एकच, "हाड जुडू दे, मंग उठसू." मला तर धडकीच भरली.

अशात एक दिवस दारात खोकला ऐकू आला. आबांचा! आबा म्हणजे मायचे जेठ, थोरले दीर, समोरच्याच घरात राहतात. आत येण्याआधी खोकून वर्दी द्यायची त्यांची सवय. आणि जेठांसमोर बसायचं नाही, हा मायचा लग्न होऊन आल्यापासूनचा नेम. खोकला ऐकला मात्र, मायनं पदर ओढला, वॉकर पकडला, उठली आणि टुकूटुकू चालत आतल्या खोलीत गेली!

मी बघतच राहिले. अहो, हाच तर व्यायाम!

मग काय, मी आबांना गळ घातली, "आबा, येत जा ना सारखे. मायला बरं वाटतं." खरं कारण सांगितलं नाही. तिथंच माती खाल्ली.

आबा भोळा माणूस. कधी मिरचीचा भाव सांगायला येत, कधी किती वाजले विचारायला, कधी नुसतेच. खोकला, की माय उभी. खोकला, की माय आत. मॅडम घरी तपासायला आल्या तर एकदम खूश! "काय केलंत ताई?"

मी मायच्या देखतच तोऱ्यात म्हटलं, "काही नाही हो, घरगुती उपाय."

आणि मग आबा यायचेच बंद झाले. माय खुर्चीत बसून दाराकडे कान लावायची. ताट अर्धं तसंच राहायचं. "आबा काबरं येत नही? मन्हं काय चुकनं?"

मी धावत आबांकडे गेले. ते खाटेवर तोंड फिरवून बसलेले. "तू म्हणस तिले बरं वाटस, आन मी ऊनू का ती उठी जास. मी तिले नको शे. भाऊ गया, आते त्याना घरमा मन्हं काय काम?"

आता कुठल्या तोंडानं सांगू? तेवढ्यात मागे टकटक झाली. वॉकर! माय आपण होऊन गल्ली ओलांडून आली होती. घामाघूम झालेली. आबांशी ती जन्मात बोललेली नाही, म्हणून मला म्हणाली, "आबाले इचार, मन्हं काय चुकनं?"

आबा मला म्हणाले, "तिले सांग, पहिले बस."

दोघं समोरासमोर, आणि मधे मी टेलिफोन! मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं.

आबा म्हणाले, "म्हंजे मी औषध व्हतू?" आणि मायकडे वळून, आयुष्यात पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलले, "बस, बाई. आतेपाईन मन्हासाठे उठानं नही."

माय बसली. पदराआड ती हसत होती की रडत होती, बघायची माझी हिंमत झाली नाही. दोघांनी इतकी वर्षं एकमेकांचा मान राखला, आणि मी त्याचं व्यायामाचं यंत्र करून टाकलं! खरं सांगितलं असतं, तर आबा हौसेनं दिवसभर खोकले असते. अजून मनाला लागतं ते.

आता माय रोज वॉकर घेऊन आपणच आबांच्या ओट्यावर जाते. चहाला आबा आमच्याकडे येतात. दारात खोकतात, आणि माय खुशाल बसून राहते. उठावं लागतं मला. सून ना मी! परवा उठताना माझा गुडघा असा कडकन वाजला, की दोघांनी वळून बघितलं. मी हळूच परत टेकणार, तेवढ्यात माय म्हणाली,

"उठ, उठ. घरगुती उपाय शे!"