माझं जॅकेट वर गेलं

अमृतवर मी जळतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, मित्राबद्दल किती मायेनं लिहिलंय. माया आहे, पण जळून उरलेली आहे.

अमृत हा येडबाकाकांचा मुलगा. मेंढरांमागं फिरणारं घर. आमचं बोरी जिंतूर तालुक्यातलं मोठं गाव आणि माझे वडील दिनकरराव तिथले चाळीस एकरांचे धनी. तरी जिल्हा परिषदेच्या शाळेत अमृत आणि मी एकाच पट्टीवर बसायचो. अर्थात वर्षातले पाच महिनेच. दिवाळी झाली की येडबाकाका मेंढरं घेऊन निघायचे, अमृतची आई कासामावशी घोड्यावर बिऱ्हाड लादायची आणि अमृतचं दप्तर त्या बिऱ्हाडात कुठंतरी गाडलं जायचं. तो परत यायचा तो मिरगाच्या तोंडाला, काळा ठिक्कर होऊन.

गुरुजी नकाशा टांगून गोदावरी कुठून कुठं वाहते ते छडीनं दाखवायचे. मी ते पाठ करायचो. अमृत यायचा आणि सांगायचा, की उन्हाळ्यात तिची वाळू इतकी तापते की दुपारी मेंढरू पाय टाकत नाही, मग पुढारी मेंढ्याला खांद्यावर घेऊन पाण्यात उतरायचं, की बाकीची आपोआप येतात. सहामाही परीक्षेत गोदावरीच्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मिळाले आणि तो नापास झाला. पोटात मात्र माझ्याच दुखायचं.

सातवीनंतर त्यानं शाळा सोडली. मी शिकलो, शेतकीची पदवी घेतली, बोरीच्या स्टँडवर कृषी सेवा केंद्र टाकलं. बियाणं, खत, फवारणीची औषधं. गल्ल्यावर बसून मी मोबाईलवर डोंगरांचे व्हिडिओ बघायचो. कुठल्या शिखराची उंची किती, कुठल्या बुटाला किती पकड, सगळं मला तोंडपाठ. गिऱ्हाईक तणनाशक मागायचं आणि मी त्याला हिमालयातल्या हवेत ऑक्सिजन किती ते सांगायचो. चाळिशी जवळ आली तेव्हा मनात एकच गोष्ट धरली. एकदा तरी बर्फातली खिंड स्वतःच्या पायांनी ओलांडायची. गावातून तिथं गेलेला पहिला माणूस आपण असायचं. आपण नुसते दिनकररावांचे चिरंजीव नाही, आणखी कोणीतरी आहोत, हे एकदा कळू दे.

सरावासाठी मी रोज पहाटे येलदरीच्या धरणाकडं गाडीनं जायचो आणि तिथं तासभर चालायचो. माझी बायको सविता म्हणायची, “चालायला गाडीनं जाणारा माणूस मी पहिल्यांदाच बघायले.”

वडिलांनी परवानगी दिली, पण अट घातली. एकट्यानं जायचं नाही, येडबाच्या अमृतला सोबत न्यायचं. “त्यो हाय म्हणल्यावर मला घोर न्हाई,” ते म्हणाले. अडतीस वर्षांच्या लेकासाठी वडिलांना घोर, आणि तो मिटवायला अमृत. तिथंच माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण जायचं तर होतंच.

परभणीहून सचखंड एक्स्प्रेसनं निघालो. अंगावर माझं लाल जॅकेट, पुण्याहून मागवलेले बूट, काळा गॉगल. मे संपत आलेला आणि मी परभणीच्या फलाटावर जॅकेट घालून उभा. मेंढरं घरच्यांवर सोपवून आलेल्या अमृतकडं एक पिशवी, एक घोंगडं आणि बाभळीची काठी. हिमाचलात उतरलो, पुण्याच्या एका गटात सामील झालो आणि चढायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी मी पुढं होतो. दुसऱ्या दिवशी मध्ये. तिसऱ्या दिवशी अमृत माझी पिशवी घेऊन माझ्या मागं चालत होता. तो सगळ्यांच्याच मागं चालायचा. पंधरा-सोळा जणांत कोणाचा श्वास लागलाय, कोण बुटानं बेजार झालंय, कोण खोटं हसायलंय, हे त्याला मागून पाठीवरूनच कळायचं. आमच्या पहाडी वाटाड्यानं हे दोन दिवसांत हेरलं. तो त्याला म्हणाला, असा शेवटचा माणूस मला दहा वर्षांत मिळाला नाही. अमृत मला म्हणाला, “मेंढरं असेच राखतेत की. त्येला काय इशेष?” तो खरंच बुचकळ्यात पडला होता. त्याला कौतुक कळलं नाही आणि मला सहन झालं नाही.

शेवटच्या मुक्कामावर माझं डोकं घणानं ठोकल्यासारखं दुखायला लागलं. उलट्या सुरू झाल्या. वाटाड्यानं डोळ्यांत बॅटरी मारून सांगितलं, तुम्ही वर यायचं नाही, आणखी बिघडलं तर इथूनही खाली उतरवतो. मी तंबूत पडलो. दुपारी बाहेरून मेंढरांचा मोठा कळप चालला होता. तिथले गद्दी मेंढपाळ कळप घेऊन खिंडीपलीकडं जात होते. तासभर त्यांच्या घंटा, बेंबटणं, कुत्र्यांचं भुंकणं. मी चिडून तंबूची चेन लावली, कानात कापूस घातला आणि तोंडावर पांघरूण ओढलं.

अमृत बाहेरच होता. संध्याकाळी आत आला तेव्हा त्याचा चेहरा असा होता, की तसा मी लहानपणी मिरगाला गावात शिरतानाच बघितला होता. त्यानं एका लंगड्या मेंढीच्या खुरातला खडा काढला होता, त्यांच्यासोबत चहा प्याला होता, आणि आपली निजामाच्या काळातली हिंदी त्यांना अर्धीमुर्धी का होईना कळत होती. “म्हारुद्रा,” तो मला म्हणाला, “आपल्याकडं ह्या फिरण्याला शाळा बुडवणं म्हणतेत. हितं त्येच्यासाठी लोकं लांबून येतेत. मला वाटायचं, आपण रिकामटेकडे. म्या तर लहानपणापसून हेच करायलोय.” मी भिंतीकडं तोंड फिरवलं असतं, पण तंबूला भिंत नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर बर्फ होतं, म्हणून वाटाड्यानं त्याला माझा पोशाख चढवायला सांगितला. लाल जॅकेट, बूट, गॉगल, कानटोपी. फोटोसाठी मोबाईलही माझाच. माझं सगळं वर गेलं, मी तेवढा खाली राहिलो.

खिंडीतला फोटो वाटाड्यानं काढला. मागं बर्फ, वर निळं आभाळ, मध्ये लाल जॅकेटातला माणूस. मानेमागून खांद्यांवर काठी आडवी टाकलेली, दोन्ही मनगटं तिच्यावर लोंबत सोडलेली, एक पाय दुसऱ्यावर तिरपा. तोंड कुठंच दिसत नव्हतं.

परतीच्या गाडीत मी तो फोटो स्टेटसला ठेवला. खाली फक्त खिंडीची उंची लिहिली. हा मी आहे, असं लिहिलं नाही. हा मी नाही, असंही लिहिलं नाही. परभणी येईपर्यंत शंभर जणांनी अभिनंदन केलं. समोर बसलेल्या अमृतनंही स्टेटस बघितलं आणि मान वर करून म्हणाला, “फोटू लय भारी आलाय.” बस. तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याला तो फोटो नकोच होता. त्याला जे पाहिजे होतं ते त्याला मिळालं होतं आणि त्याचा फोटो निघत नसतो.

माझ्या वडिलांना दिलेला शब्द म्हणून त्यानं मला घरापर्यंत पोचवलं. आठवड्याभरात वाटाड्याचा फोन आला, उरलेल्या हंगामात शेवटचा माणूस म्हणून येतोस का? तो लगेच गेला.

इकडं पेरणीचे दिवस. अख्खं गाव सोयाबीनचं बियाणं घ्यायला माझ्या दुकानात यायचं आणि मला शाबासकी देऊन जायचं. मी पिशव्या मोजत मान डोलवायचो. सवितानं फोटो एकदाच बघितला आणि विचारलं, “तुमी काठी अशी कधीपसून धरायले?” मी म्हणालो, तिकडं शिकवतात. ती म्हणाली, “आयत्या बिळावर नागोबा.” पुढं ती त्यावर बोलली नाही, पण भाजीत मीठ जास्त पडत गेलं.

माझा मित्र भागवत याला पुढची निवडणूक लढवायची होती. त्यानं माझ्या दुकानासमोरच, स्टँडवर दहा फुटांचं बॅनर लावलं. मध्ये तो फोटो, कोपऱ्यात हात जोडलेला भागवत आणि खाली ठळक अक्षरांत, ‘हिमालयवीर महारुद्र दिनकरराव यांचा भव्य सत्कार, रविवारी सकाळी दहा वाजता, शाळेच्या मैदानावर’. मी नको म्हणालो. पण नको म्हणण्याचे प्रकार असतात, आणि माझा कुठला होता ते भागवतला बरोबर कळलं.

खरं सांगायचं तर मला ते बॅनर आवडायचं. गल्ल्यावरून मान वर केली की दिसायचं. आणि आवडतं म्हणून पुन्हा जळायचो, कारण त्यात जे आवडत होतं ते उभं राहणं अमृतचं होतं. तसं उभं राहायला मी घरात आरशासमोर केरसुणी खांद्यावर घेऊन बघितलं. नाही जमलं.

शुक्रवारी दुपारी कासामावशी आली. मेंढरं नुकतीच गावाकडं परतली होती. तिनं बॅनरखाली थांबून वर बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि रस्ता ओलांडून सरळ दुकानात शिरली. भागवत तिथंच चहा पीत बसला होता. मी खुर्चीतून अर्धा उठलो. मला वाटलं, आता चार लोकांत माझी शोभा होणार.

तिनं दोन्ही हात जोडले. “मालक, आमच्या अमृतचा केवढा मोठा फोटू लावला तुमी. आमच्या सात पिढ्यांत कुणाचा लागला न्हाई.”

भागवतचा कप तोंडाशीच थांबला. तो म्हणाला, “कासाबाई, त्यात तोंड कुठं दिसायलंय?”

“तोंड कशाला पाहिजे? पाच वर्साचा व्हता तवापसून मेंढरामागं असाच हुबा राहतोय त्यो. म्या लांबून वळखते. अंधारात बी वळखते.”

तिला वाचता येत नव्हतं. खाली कोणाचं नाव आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. ती मला जाब विचारायला नव्हती आली, माझे उपकार मानायला आली होती. आणि त्या क्षणीसुद्धा, खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं ते हे, की तोंड झाकलेलं असताना मला ओळखेल असं माणूस जगात कोण आहे? माझ्या आईनं तोच फोटो माझा समजून दृष्ट काढली होती.

मावशीनं पदरानं डोळे पुसले आणि बोट वर केलं. “खाली काय लिवलंय? वाचून दावा की.”

मी बॅनरकडं बघितलं. अक्षरं दहा फुटांची असल्यासारखी दिसत होती. भागवत माझ्याकडं बघत होता.

“अमृत,” मी वाचलं. “हिमालयवीर अमृत येडबा यांचा सत्कार.”

“त्येच्या बापाचं बी नाव हाय?” ती म्हणाली. “मंग रविवारी त्यांना बी आणते. त्यांना आता दिसत न्हाई. तुमीच वाचून दावा.”

ती गेल्यावर भागवत म्हणाला, “म्हंजी तू गेलाच न्हाईस?”

“गेलो. वर न्हाई गेलो.”

त्यानं उरलेला चहा संपवला. मग म्हणाला, “चालतंय. नाव बदलू. माझा फोटो हाय तसाच राहू दे.”

घरी सवितालाही सांगितलं. तिनं ताट वाढलं. त्या दिवशी मीठ बरोबर होतं.

रविवारी नवं बॅनर मंचामागं लागलं. शाळेची पोरं रांगेत बसलेली, माझे वडील पहिल्या खुर्चीवर. अमृतच्या वतीनं शाल आणि नारळ येडबाकाकांनी घ्यायचं ठरलं. मी त्यांचा हात धरून त्यांना मंचावर आणलं, माईक हातात घेतला आणि बॅनर मोठ्यानं वाचून दाखवलं. या वेळी जे लिहिलं होतं तेच वाचलं. टाळ्या झाल्या. त्या अमृतच्या होत्या आणि मला जिथं लागायच्या तिथं लागल्या. बोललो मी त्याच्याबद्दल चांगलंच, पण मी तिथं कुठं होतो हे शिताफीनं टाळून गेलो. ‘आम्ही गेलो,’ ‘आम्ही चढलो,’ असं. नाव गेलं तर गेलं, निदान सोबती म्हणून तरी वाटा राहावा. वडिलांनी मान डोलावली, तेव्हा वाटलं, निभावलं.

मी बसायला निघालो तर येडबाकाकांनी माझा हात सोडला नाही. शाल सावरत, त्यांची न दिसणारी नजर माझ्या आवाजाकडं वळवून त्यांनी विचारलं, “म्हारुद्रा, तिकडं मेंढरं हायत म्हणं. फोनवर पोरगं लय सांगत व्हतं, पर आवाज तुटायचा. कशी हायत रं? कान लोंबते हायत का आखूड? लोकर केवढी? आपल्यापरीस मोठी हायत का?”

सगळं मैदान ऐकत होतं. आयुष्यभर मेंढरांमागं चाललेल्या माणसाला हिमालयाबद्दल एवढंच हवं होतं. बर्फ नको, उंची नको. आणि ती मेंढरं तासभर माझ्या डोक्यापासून दोन हातांवरून गेली होती.

“मला न्हाई माहीत, काका,” मी म्हणालो. “म्या बघितलीच न्हाईत. म्या आजारी पडून तंबूत व्हतो. वर गेलोच न्हाई. मेंढरं बाहेरून गेली तवा चेन लावून झोपलो व्हतो.”

माईक चालू होता. वडिलांनी मान खाली घातली. येडबाकाकांना त्यातलं बाकी काही लागलं नाही. ते माझा हात तसाच धरून, खरोखर न कळून म्हणाले, “मंग चेन कामून लावली?”