अक्कांची दुरडी

आजारी माणसाला बघायला अक्का पहिल्यांदा रिकाम्या हातानं जायच्या. "आधी बघू तर द्या, मग आणते." तुम्ही-आम्ही वाटेत मोसंबी घेतो आणि सुटतो. अक्का नुसत्या उशाशी बसून राहायच्या.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेरीत बदली होऊन मी बायकोला घेऊन आलो तो दुष्काळातच. अक्का म्हणजे समोरच्या किराणा दुकानदाराची आई. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग.

बायकोला टायफॉइड झाला. ताप उतरला, तरी ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. जेवण नको, बोलणं नको. मी धास्तावलो.

अक्का आल्या, बसल्या, गेल्या. दुसऱ्या दिवशी दुरडी घेऊन दारात हजर. आत ज्वारीच्या कण्या, मुरलेलं लिंबाचं लोणचं, रिठे आणि जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा. मागे सून, डोक्यावर भरलेली घागर.

टँकर आला की गल्लीत घागरीवरून भांडणं होत. मी म्हणालो, "अक्का, पाणी कशाला?"

"पोरीच्या केसाच्या जटा झाल्यात. कुनाला तोंड दाखवंल ती?"

बायकोनं भिंतीकडून मान वळवली.

अक्कांनी तिला मोरीत पाटावर बसवलं. एकेक जट बोटांनी सोडवली. केसांचे पुंजके हातात येत होते. तिला दिसू नयेत म्हणून त्या ते आपल्या पदरात लपवत होत्या. डोक्यावर पाण्याची धार पडली आणि बायको हुंदके देऊन रडू लागली.

"रड बाई. लई दिस आत ठेवलंस."

लुगड्याच्या तुकड्यानं डोकं पुसून होतंय तोवर बायको म्हणाली, "अक्का, भूक लागली."

मी कण्या शिजवायला स्टोव्ह पेटवला.

सुनेनं मागाहून सांगितलं, अंघोळ करून लिंगपूजा केल्याशिवाय अक्का पाण्याचा थेंब घेत नसत. ती घागर त्यांच्या अंघोळीची होती. त्या दिवशी त्या अंघोळीविनाच जेवल्या. सुनेनं "पूजा?" म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "झाली की. समोरच्या घरात."



काही वर्षांनी अक्का गेल्या. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना खुर्चीत बसवलं होतं. ताठ, हार घातलेल्या, विभूती लावलेल्या. दर्शनाची रांग पार गल्लीच्या तोंडापर्यंत गेली होती. दुष्काळाच्या त्या वर्षांत जी जी अंथरुणाला खिळली होती ती सगळी माणसं रांगेत दिसली, आपापल्या पायांवर उभी.