साय काढलेलं पिंप

आमच्या नात्यात माझी ओळख एकच, दारू चाखणारी. म्हणोत! नागपूरला वाडीच्या पुढं, ट्रकांच्या गोदामांमागं बियरचा एक छोटा कारखाना आहे, तिथं मी चव तपासायचं काम करते. त्याआधी बारा वर्षं डेअरीत दूध तपासलं, तेव्हा मला कोणी दूध पिणारी म्हटलं नाही. आईनं मात्र एकदाच विचारलं, "गिळतं का थुकतं वं?" थुंकते म्हटलं. "मंग लोणच्याचं मीठ पायनाऱ्या बाईत अन् तुह्यात काय फरक?" विषय संपला. आई कुहीकडची, लोणच्याच्या बरण्यांवर तिचा भारी जीव.

आमचा मालक माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि हौशी. वाइनसाठी वापरलेली ओकच्या लाकडाची दोन जुनी पिंपं त्यानं नाशिककडून आणली आणि त्यांत लाल बियर भरली. ही बियर मुद्दाम आंबवायची असते, चांगली दीड वर्ष. लाकडातून किंचित हवा जाते, जंतू आपल्या चालीनं काम करतात आणि वर एक पांढरी, सुरकुतलेली साय धरते. दिसायला किळसवाणी, पण बियरचं खरं झाकण तेच. ती मोडली की हवा शिरते आणि बियरचा सिरका होतो. हे मला माहीत होतं. कामावर लागल्या लागल्या वहीत लिहूनही घेतलं होतं.

तरी मे महिन्यात, कूलर घरघरत असताना, मी पहिल्या पिंपाचं बूच काढून आत बॅटरी मारली आणि ती साय दिसली. आईच्या बरणीवर असं काही आलं की ती ते चमच्यानं अलगद काढते, काठ पुसते, वरून तेल सोडते. लहानपणापासून तेच पाहिलेलं. माझा हात आपोआप गेला. लांब दांडीचा चमचा उकळून घेतला, साय काढली, स्वच्छ फडक्यानं भोक पुसलं, बूच ठोकलं. वर समाधानही वाटलं, काय सांगू! दुसऱ्या पिंपाकडं वळले तेवढ्यात मालकानं हाक मारली आणि ते राहून गेलं. चार दिवसांनी आई घरी बरणी पुसत होती, ते पाहिलं आणि वहीतलं ते पान आठवलं. कोणाला बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय.

नोव्हेंबरात मालकानं पुण्याहून एक जाणकार बोलावला. बियर विकायची की ओतायची, हे तो सांगणार होता. त्यानं पहिल्या पिंपातून ग्लास भरला, नाकाजवळ नेला आणि मान फिरवली. सदर भागातल्या चायनीजच्या गाडीवरची सिरक्याची बाटली उघडावी तसा वास. "अहो, हे व्हिनेगर झालंय. दोन्ही ओतून टाका. तुमच्या नागपूरच्या उन्हाळ्यात असली बियर जमणारच नव्हती." उचलली जीभ, लावली टाळ्याला! दुसऱ्या पिंपाला त्यानं हातही लावला नव्हता.

मालकाचा चेहरा एवढासा झाला. "ताई, उद्या खाली करून टाकू दोन्ही. पिंपं अर्धी कापू, कुंड्या होतीन."

कुंड्या! दीड वर्ष मी दर महिन्याला खालच्या तोटीतून त्या दुसऱ्या पिंपाची चव घेत होते. आधी नुसती आंबट होती, चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखी. मग हळूहळू अंबाडीच्या लाल फुलांची चव उतरली, मग वाळल्या बोरांच्या भुकटीची, आमच्या बोरकुटाची, आणि शेवटी जिभेच्या मागं लाकडाचा तुरटपणा. अशी वस्तू गटारात जाणार? सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, पण पेटवणारी मीच होते, हे फक्त मला ठाऊक होतं.

"थांबा," मी म्हटलं. "दुसरं चाखा आधी."

जाणकार हसला. "मॅडम, एकाच दिवशी भरलेली, एकाच खोलीत ठेवलेली. हे गेलं तर ते कसं राहील? फरक पडायला काही कारण हवं ना?"

मी गप्प राहिले असते तर माझी नोकरी शाबूत होती. पिंप मात्र गेलं असतं. माझं डोकंच फिरलं.

"कारण मी आहे," म्हटलं. "पहिल्याची साय मी काढली. लोणच्यावरची काढतात तशी, या हातानं. दुसऱ्याला हात लावला नाही. आता चाखा."

मालक माझ्याकडं वळला. "अन् सा महिने तुम्ही बोलल्या नाही?"

"नाही बोलले. भ्याले. काढायचं तर मले काढा भाऊ, पण हे पिंप ओतू देणार नाही."

मी स्वतः ग्लास भरून जाणकाराच्या हातात दिला. त्यानं घोट घेतला. थुंकायला स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, समोरच होतं. तो थुंकला नाही. दुसरा घोट घेतला, तोही गिळला. मालकानं त्याच्या हातातून ग्लास जवळजवळ ओढलाच. "बाप्पा! हे तं बोरकुटासारखं लागून राहिलं ना ताई!"

दुसरं पिंप महिन्याभरात संपलं. मला काढलं नाही. पण मालक म्हणाला, "पह्यलं पिंप गुपचूप खाली करू. कोनाले सांगाची काय गरज?" मी नाही म्हटलं. सहा महिने मूठ झाकून पाहिली होती, त्यात चांगलं पिंपही जाणार होतं.

ते पिंप अजून तिथंच आहे. त्यावर खडूनं मीच लिहिलंय, "हे मी बिघडवलं", आणि पुसट झालं की पुन्हा गिरवते. कामावर कोणी नवीन आलं की पहिला घोट त्यातलाच देते. परवा आलेली मुलगी थुंकून, डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, हे खराब आहे तं ठेवलं काहून?"

"चव नीट लक्षात ठेव," म्हटलं. "उद्या कोणी येईन अन् चांगल्या पिंपालेही खराब म्हनीन. तेव्हा तुले उभं राहा लागन."