सीतारामचा फळा

डिलाईल रोडच्या त्या चाळीत रेडिओ एकच होता, तोही लहरी. खरी बातमी कळायची जिन्याखालच्या काळ्या फळ्यावर, आणि तो लिहायचा नलूचा बाप, सीताराम. गिरणीतून दमून आलेला माणूस, पण चहाच्या आधी हातात खडू. संयुक्त महाराष्ट्राची सभा कुठे, मोर्चा किती वाजता, सगळं टपोऱ्या अक्षरांत. काय दिवस होते ते! सबंध चाळ त्या फळ्याच्या घड्याळावर चालायची.

छप्पनच्या जानेवारीत गोळीबारात सीताराम गेला. फळ्यावर त्याची शेवटची ओळ राहिली: ‘उद्या अकरा वाजता सर्वांनी जमावे.’ ती पुसायची कुणाची छाती होईना. नवा निरोप असला की चाळीचा म्होरक्या बुधाजी घसा फोडत गॅलऱ्यांमधून फिरे.

पण खडूच तो, त्याला काय अमरपट्टा असतो? ओळ विटू लागली. अकरा वर्षांच्या नलूने धसका घेतला. बाप गेला, आता त्याचं अक्षरही जाणार. दुपारी चाळ डुलक्या घेत असताना ती गुपचूप खाली येई आणि पुसट झालेलं वळण गिरवी. आज रफार, उद्या काना.

उन्हाळा सरता सरता तिच्या ध्यानात आलं, बापाची एक रेघसुद्धा आता उरलेली नाही. सगळं तिनेच गिरवलेलं. पोर जिन्यावर बसून हमसून हमसून रडली. बुधाजीने विचारलं तेव्हा म्हणाली, “काका, बाबांचं अक्षर मीच घालवलं.”

बुधाजीने फळ्याकडे बोट केलं.

“येता-जाता हात जोडतोय मी याला. हे अक्षर तुझं, ते मला कुठे कळलं?” तो म्हणाला. “पूस आता. सीताराम कधी शिळी बातमी ठेवायचा नाही. उद्या नरे पार्कात सभा आहे, लिही.”

नलूने ओल्या फडक्याने फळा पुसला. मग खडू उचलून नवा निरोप लिहिला.

तेवढ्यात नळावरून कळशी घेऊन आई आली. कौसल्येला अक्षरओळख नव्हती, पण नवरा गेल्यापासून ती रोज त्या ओळीपुढे घटकाभर थांबे. ओळ बदललीय हे तिला लगेच कळलं. नलूने फडकं पाठीमागे लपवलं.

आईने वरपासून खालपर्यंत फळा न्याहाळला.

“माका वाचूक येना नाय,” ती म्हणाली, “पण हात तेंचोच.”

कळशी खाली ठेवून तिने लेकीला पोटाशी धरलं, आणि सीताराम गेल्यापासून पहिल्यांदा ती मोकळेपणी रडली.