भिंतीला मिठी

आमची काकू बाटल्या भरण्याच्या कारखान्यात कामाला आहे. तिथे दिवसभर काचेवर काच आपटत असते. शेजारच्या बाईला "झाकणं संपली" एवढं सांगायचं तरी घसा ताणावा लागतो. ती सवय घरीही आली. तिच्याकडे कोण आलंय, कोण रुसलंय, हे सगळ्या जिन्याला कळतं. काका बस चालवतात. ते म्हणतात, "हिला पुढे बसवली तर मला हॉर्न लागायचा नाही."

त्यांची धाकटी मुंगी. चालायला लागली तशी कपाटावर, खिडकीच्या गजांवर, दिसेल तिथे चढायला लागली, म्हणून मुंगी. थोरला तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, आणि तिच्याशी पैज लावल्याशिवाय त्याला पाणी गोड लागत नाही. सुट्टीच्या दिवशी दोघं घर डोक्यावर घेत. तेवढ्यात काकूला कळलं की जवळच्या जुन्या गोदामात चढायच्या भिंती उभारल्यात. तिघंही जायला लागली.

भिंती तीन मजले उंच, त्यांवर रंगीबेरंगी खुंट्या. माथ्यावरच्या यंत्रातून एक दोर खाली येतो, त्याच्या टोकाला हूक. एरवी तो जमिनीवरच्या कडीत अडकवून ठेवलेला असतो. हूक कमरेच्या पट्ट्यात अडकवायचा आणि चढायचं. चढाल तसा दोर वर गुंडाळला जातो. माथ्यावर घंटी आहे. ती वाजवायची, दोन्ही हात सोडून द्यायचे, आणि यंत्र आपल्याला अलगद खाली आणतं. मुंगीला चढण्यापेक्षा ते हात सोडणंच जास्त आवडायचं. हूक अडकवायचं काम काकूचं. ती अडकवायची, ओढून बघायची, पाठीवर थाप मारायची. मग पोरगी निघायची.

त्या दिवशी थोरला पहिल्यांदाच अवघड भिंतीच्या माथ्यावर पोचला. "आई, बघ ना! आई!" काकूने वळून टाळ्या पिटल्या. तो खाली येईपर्यंत ती त्याच्याकडेच बघत होती, आणि का बघू नये?

मग ती मुंगीकडे वळली. समोर मुंगी नव्हती. मुंगीचा दोर होता, आणि त्याचा हूक जमिनीवरच्या कडीत जसाच्या तसा अडकलेला.

काकू सांगते, "मला वाटलं, पाणी प्यायला गेली असेल. खरंच, आधी हेच वाटलं. मग वर बघितलं."

मुंगी माथ्याशी होती. घंटी तिच्या हातापासून वीतभर.

काकू भिंतीखालच्या गादीवर मटकन बसली. आवाज तोंडात आला होता, तिचा तो कारखान्यातला आवाज. पण ओरडली तर पोरगी दचकणार, नाहीतर आई खूश झाली म्हणून हात हलवणार. घंटी वाजली तर सवयीने हात सुटणार. काकूने दात आवळले. मग बोलली ती इतक्या शांतपणे, की शेजारी उभ्या थोरल्याला वाटलं दुसरीच कोणी बाई बोलतेय.

"मुंगे, घंटी नको वाजवूस. आज वेगळं करायचंय. भिंतीला मिठी मार."

"का?"

"मार तर. घट्ट. माझ्याकडे बघू नकोस, भिंतीला गाल लाव."

थोरल्याने एव्हाना हूक बघितला होता. त्याने आपला हूक काढून कडीत अडकवला आणि तिथे चढायला शिकवणाऱ्या ताईकडे धूम ठोकली. ताई आली, एकदा वर बघितलं. थोरल्याने सोडलेला शेजारचा दोर तिने स्वतःला लावला, एक आखूड पट्टा दातांत धरला आणि चढायला लागली.

"आई, हात दुखतायत. खाली येऊ?"

"थांब जरा. डाव्या पायाखाली मोठी हिरवी खुंटी आहे ना? सगळं वजन त्यावर टाक."

मुंगीने पाय बघायला मान खाली घातली. तेव्हा तिला आपल्या कमरेचा पट्टा दिसला, रिकामा.

"आई... माझा हूक?"

खोटं बोलावं असं काकूच्या मनात आलं. पण पोरीला दिसलं होतं.

"राहिला गं. लावायचा राहिला. ताई घेऊन येतेय. तू फक्त धरून ठेव. मी इथेच आहे."

मुंगी रडायला लागली, पण हात सोडले नाहीत. ताई तिच्या बाजूला पोचली, तिला भिंतीवर दाबून धरलं, आखूड पट्ट्याने तिची कमर स्वतःच्या कमरेला जोडली, पट्टा दोनदा ओढला. मग म्हणाली, "आता सोड." मुंगी सोडेना. ताईने एकेक बोट सोडवलं, तेव्हा दोघी एकत्र खाली आल्या.

काकूने पोरीला कवटाळलं नाही. तिला उठताच येईना. तिथेच गादीवर बसून ती मुंगीचे पाय चाचपत राहिली, जणू काही मोडलंय.

संध्याकाळी काका कामावरून आले. थोरल्याने त्यांना सगळं सांगितलं.

"तू कुठे बघत होतीस?" त्यांनी काकूला विचारलं.

"थोरल्याकडे."

त्यावर थोरला हमसून रडायला लागला. "मीच हाक मारली. मी हाक मारली नसती तर..."

काकू म्हणते, "मुंगीला वर बघून बसला नव्हता एवढा धक्का मला तेव्हा बसला." पोराने दिवसभर ते ओझं उचललं होतं आणि तिला पत्ता नव्हता. तिने त्याला जवळ ओढलं. "तू हाक मारलीस तर मी वळणारच. उद्याही वळेन. हूक बघायचा होता मी, तू नाही." काका उठले आणि पोराच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसले. तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.

कितीतरी दिवस काकू कामावर असताना मधेच थबकायची. बाटल्या सरकत जायच्या आणि हिचा हात हवेत. मुंगी मात्र रोज विचारायची, "परत कधी?" शेवटी काकाच म्हणाले, "सगळे जाऊ."

गोदामात आता प्रत्येक दोरासमोर आडवं फाटक बसवलंय. ते उघडल्याशिवाय भिंतीला हात लावता येत नाही. काकू पहिल्यांदा दारातच थांबली, बूट हातात घेऊन. जरा वेळाने आत आली. काकांनी मुंगीचा हूक लावला, ओढून बघितला. थोरल्याने बघितला. मग काकूने धरला, आणि ओढत राहिली.

"आई, पुरे! पोट आवळतंय."

"आवळू दे," काकू म्हणाली, आणि आणखी एकदा ओढला.