नातीला बदामं, मला दांडकं

माझी नात हिंजवडीत कंप्युटरवर काम करती. शनवारी घरी आली की ओट्यावर बसून फोनसमोर बोलती, त्याचा व्हिडिओ लोकं बघत्यात. पुन्यातल्या डॉक्टरनं तिला एडीएचडी हाय म्हनून सांगितलंय. ध्यान एका जागी ऱ्हात न्हाई, हातातलं काम अर्ध्यात सुटतं, असलं कायतरी. परवा मी शेजारी पावटे सोलत हुते. ती फोनला सांगत हुती, "मी आळशी नाहीये. माझा मेंदूच असा आहे. यात माझी चूक नाही."

मंग खाली लोकांनी लिव्हलेलं मला वाचून दावलं. "माझंपण सेम." "तू एकटी नाहीस गं." लाल बदामं तर किती! कोन कुठली मानसं, आन पोरीला जवळ घेत्यात. माझ्या पोटात जळलं. सख्खी नात, तरी जळलं.

मी नवी नवरी हुते तवा भाताच्या आवनीत सासूनं सांगितलं, वरच्या खाचराचं पानी खालच्यात घे, भरलं की बांध बुजव. मी बांध फोडला. तितं खेकडा दिसला. त्याच्या मागं वढ्यापातुर गेले, वटीत सात-आठ खेकडं घिऊन हसत घरी आले. बांध उघडाच. सांजच्याला बघत्यात तर वरचं खाचर कोरडं, लावलेली रोपं माना टाकून. सासूनं खेकड्यांचं कालवन वरपलं आन मला दांडक्यानं मारलं. तवापासनं मी येडी. पुन्यांदा बांधावर कुनी धाडलं न्हाई, घराची किल्ली हातात दिली न्हाई. सासू गेली, सून आली, तरी न्हाई.

हे नातीला सांगितलं.

"आजी, अगं तुलापण हेच असणार!"

"मंग म्हन की."

"काय?"

"फोनला म्हनतीस ते. मला बी म्हन, तुझी चूक न्हाई म्हनून."

ती हसली. फोन खाली ठिवला, तोंड उघडलं, तेवढ्यात आतनं करपल्याचा वास आला.

सून वरडली, "आत्या! परत गॅस चालू ठिवला व्हय? किती येळा सांगायचं, शेगडीपाशी जाऊ नका!"

मी पावट्याची टोपली जवळ वढली.

"आई, चहा मी ठेवला होता," नात म्हनली.

सून भाईर आली. लेकीच्या डोक्यावरनं हात फिरवला. "असू दे बाळा. तुला ते हाय ना."

आन काळं पडलेलं पातेलं माझ्याम्होरं ठिवून गेली.

मी राख घेतली, घासाय लागले. नात परत फोनात. तिचं ते वाक्य ऱ्हायलंच. मी बी परत मागितलं न्हाई.